साठ जणांनी ‘हो’ म्हटलंय, आता अठरा लाख घालू का?

पत्र : आमचं गाव ओतूरजवळ, तालुका जुन्नर. घरची चार एकर बागायत. गावातल्या नऊ शेतकऱ्यांचा गट केला आहे. पुण्यातल्या सोसायट्यांना दर आठवड्याला भाजीची टोपली घरपोच द्यायची, अशी योजना आहे. बारा जिन्नस, पावणेसहा किलो माल, ४०० रुपये, पैसे महिन्याचे आगाऊ. मेहुणे वाकडला राहतात. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं तर साठ जणांनी ‘हो’ म्हटलं. जुना छोटा हत्ती (टेम्पो) साडेचार लाख, शीतखोली साडेदहा लाख आणि मोबाइल अ‍ॅप तीन लाख, असे अठरा लाख लागतील. नऊ लाखांचं कर्ज मंजूर होतंय, बाकी शिल्लक आणि थोडं सोनं. शीतखोलीवाला म्हणतो, हा दर महिनाअखेरपर्यंतच. घरात दोन मतं आहेत. पुढे जावं का?
(एक वाचक, ता. जुन्नर)

उत्तर :

शीतखोलीवाल्याला या महिन्यात ‘हो’ म्हणू नका. दर गेला तर जाऊ द्या. शीतखोल्या दिवाळीनंतरही मिळतात आणि तेव्हाही कुणीतरी ‘महिनाअखेरपर्यंतच’ म्हणेल. अठरा लाखांआधी दोन महिने आणि वीस-पंचवीस हजार रुपये खर्चून ही योजना लहान प्रमाणात, पण खऱ्या पैशांवर चालवून बघा.

आधी त्या साठ ‘हो’कडे बघू. ‘गावाकडची ताजी भाजी घरपोच आली तर घ्याल का?’ याला नाही कोण म्हणेल? अंगठा दाखवायला पैसे पडत नाहीत. मेहुण्यांसोबत बसून त्या साठ नावांपुढे दोन खुणा करा. नात्यातले, मित्र आणि ऑफिसातले वेगळे काढा. मग घर कुठे ते लिहा. वाकड-हिंजवडीचे किती, हडपसरचे किती, पिंपळे सौदागरचे किती? तुमचा टेम्पो एकच आहे आणि सकाळ दोन-तीन तासांची. हडपसरचं एक घर तुम्हाला वाकडच्या दहा घरांइतकं महाग पडेल. या दोन चाळण्यांतून किती नावं खाली उरतात ते बघून मगच पुढे वाचा.

उरलेल्यांपैकी बारा घरांशी फोनवर नाही, समोर बसून बोला. ‘घ्याल का’ हा प्रश्न विचारूच नका. विचारा, ‘गेल्या आठवड्यात भाजी कुठून घेतली? किती वेळा? किती रुपयांची?’ माणसं अंदाजाने सांगतात, म्हणून यूपीआयचा इतिहास उघडून बघायची विनंती करा. ‘आम्ही आठवड्याला पाचशेची भाजी घेतो’ म्हणणाऱ्या घरात प्रत्यक्षात अडीचशेची निघू शकते, कारण तीन रात्री बाहेरून जेवण येतं. हे घर तुम्हाला ‘हो’ म्हणेल, पहिली टोपली कौतुकाने घेईल आणि तिसऱ्या आठवड्यात फ्रीजमध्ये पिवळी पडलेली मेथी बघून थांबेल. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे चार-पाच माणसांचं, रोज दोन्ही वेळा घरी स्वयंपाक होणारं, आजी-आजोबा किंवा शाळेचे डबे असलेलं घर. आणि एक लक्षात ठेवा, वाकडमध्ये ब्लिंकिट, झेप्टोसारखी अ‍ॅप दहा-पंधरा मिनिटांत कोथिंबीर दारात आणून देतात. नुसत्या ‘ताजी’ या शब्दावर तुमची टोपली विकली जाणार नाही.

आता हिशेब. एका टोपलीचा खर्च दोन भागांत लिहा. पहिला भाग टोपलीगणिक लागतो. शेतकऱ्याला द्यायचे साधारण १९० रुपये. निवडताना फेकला जाणारा आणि उरणारा माल बारा टक्के धरा, म्हणजे २३. कागद, सुतळी, कापडी पिशवीची झीज १२. भरणाऱ्या बायकांची मजुरी २०. खराब निघालेल्या मालाची भरपाई ८. बेरीज २५३ रुपये. दुसरा भाग फेरीगणिक लागतो, टोपल्या कितीही असोत. भाड्याचा छोटा हत्ती ओतूर-पुणे-ओतूर, शहरातलं फिरणं आणि चालक धरून ३,८०० रुपये. सोसायटीत वर-खाली करणारा एक पोऱ्या ६०० रुपये. भाड्याचा आकडा तुमच्याकडच्या टेम्पोवाल्याला विचारून दुरुस्त करा, पण हिशेबाची रीत हीच ठेवा.

याच रीतीने पुढे गेलं की चित्र असं दिसतं. २५ टोपल्या असतील तर एका टोपलीचा खर्च ४२९ रुपये, म्हणजे प्रत्येक टोपलीला २९ रुपये तोटा. ३० टोपल्यांना खर्च ४०० रुपये, हात धुऊन मोकळे. ४० टोपल्यांना ३६३, म्हणजे ३७ रुपये सुटतात. ८० टोपल्या एकाच टेम्पोत आणि दोन पोऱ्यांत बसवल्या तर खर्च ३१६ च्या आत येतो आणि ८४ रुपये सुटतात. भाजी तीच, भाव तोच. फरक फक्त एका फेरीत, जवळजवळच्या दारांत किती टोपल्या उतरल्या एवढाच.

नऊ लाखांचं कर्ज अकरा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला साडेएकोणीस हजारांच्या थोडा वर बसतो. चाळीस टोपल्यांवर महिन्याला सुटणारे पैसे साधारण ६,४००. ऐंशीवर २९,०००. म्हणजे ऐंशी घरं पहिल्या महिन्यापासून टिकून राहिली, तरच हप्ता जाऊन हातात काही उरतं. त्यात शीतखोलीचं वीजबिल आहे आणि सोन्यातून उभ्या केलेल्या पैशाचा विचार तर अजून केलेलाच नाही. टेम्पो स्वतःचा झाला म्हणून डिझेल, चालक, विमा आणि टायर सुटत नाहीत. उलट आठवड्यातले सहा दिवस तो दारात उभा राहील.

त्यामुळे तुमची भाजी चांगली आहे का, हे तपासायची गरज नाही. जुन्नरच्या भाजीला कोण नावं ठेवणार? तपासायच्या गोष्टी तीन. पहिला महिना संपल्यावर माणसं दुसऱ्या महिन्याचे पैसे पुन्हा भरतात का. दोन-तीन लगतच्या सोसायट्यांतच पुरेशी घरं मिळतात का. आणि गटातले शेतकरी चाचणीच्या आठही आठवड्यांत, शुक्रवारी काढणीच्या दिवशी, ठरलेला माल ठरलेल्या वेळी देतात का. यातली एक जरी कोसळली तरी अठरा लाख अडकतात. बाकी सगळं दुरुस्त करता येतं.

पैसे आधी

दोन सोसायट्या निवडा, एकमेकींपासून एक किलोमीटरच्या आत. सचिवांना भेटून गेटवर येण्याची लेखी परवानगी घ्या. ती नसेल तर पहिल्याच शनिवारी सकाळी सात वाजता सुरक्षारक्षक प्रत्येक घराला फोन लावत बसेल. मग निरोप पाठवा. त्यात वार, वेळ, जिन्नस, वजन, चार आठवड्यांचे १,६०० रुपये, यूपीआयचा क्यूआर कोड आणि शेवटची तारीख असावी. तारखेपर्यंत पंचवीसपेक्षा कमी घरांनी पैसे भरले तर सगळ्यांचे पैसे परत, हेही त्यातच लिहा आणि पाळा. पंचवीस घरंही मिळाली नाहीत तर तुमची चाचणी तिथेच संपली आणि खर्च झाला फक्त पुण्याच्या दोन फेऱ्यांचा. यापेक्षा स्वस्त उत्तर मिळणार नाही.

पहिली टोपली फुकट किंवा निम्म्या दरात देऊ नका. सवलतीला आलेलं माणूस सवलत संपली की जातं आणि तुमच्या हातात खोटा आकडा राहतो. दोन दर आजमावायचे असतील तर एका सोसायटीत ४०० आणि दुसरीत ४४० ठेवा. एकाच सोसायटीत दोन दर ठेवलेत तर संध्याकाळपर्यंत बातमी जिन्यात पोहोचेल.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप करू नका, ब्रॉडकास्ट यादी करा. ग्रुपवर एका फुटलेल्या टोमॅटोचा फोटो पडला की ज्यांचे टोमॅटो चांगले होते तेही पिशवी उलटी करून बघायला लागतात. फक्त ब्रॉडकास्टमध्ये एक मेख आहे. ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच तो निरोप पोहोचतो. पैसे भरताना प्रत्येकाकडून नंबर जतन करून घ्या. ऑर्डरी नोंदवायला गुगल फॉर्म आणि एक तक्ता एवढं ८० घरांपर्यंत पुरतं. तीन लाखांचं अ‍ॅप सगळ्यात शेवटी, तेही वहीला काम आवरेनासं झालं तर.

कधी

जूनच्या मध्यावर, शाळा उघडल्या की. एप्रिल-मेमध्ये निम्मी सोसायटी गावाला असते, तेव्हाचे आकडे धरता येत नाहीत. जानेवारीत घेतलेली चाचणी तर चक्क फसवते, कारण थंडीत मेथी स्वस्त, माल भरपूर, काही सडत नाही आणि सगळं सोपं वाटतं. पावसाळ्यात चिखल, सड, चढा भाव आणि चाकणची कोंडी हे सगळं एकदम येतं. आठ आठवड्यांत आषाढी एकादशीही येईल. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं न खाणारी घरं किती आहेत ते त्याच वेळी कळेल. कांदे नवमीनंतर कांद्याऐवजी काय घालायचं, हे आधीच ठरवून ठेवा. या दिवसांत टिकलेलं गिऱ्हाईक हिवाळ्यात टिकेलच.

चाचणी चारऐवजी आठ आठवड्यांची, यालाही कारण आहे. पहिली टोपली माणसं उत्सुकतेने घेतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात मागची भाजी उरलेली असते. चौथ्या टोपलीचे पैसे आधीच भरलेले असतात म्हणून ती घेतली जाते. खरी विक्री होते पाचव्या आठवड्याला, माणूस दुसऱ्यांदा १,६०० रुपये पाठवतो तेव्हा. तुम्हाला हाच आकडा हवा आहे.

शुक्रवार दुपार ते शनिवार सकाळ

टोपलीत काय? जुलैसाठी एक नमुना. टोमॅटो, कांदा, बटाटा एकेक किलो. काकडी, भेंडी, दोडका अर्धा-अर्धा किलो. अर्ध्या किलोचा एक फ्लॉवर. मेथी किंवा शेपूची एक जुडी, कोथिंबिरीची एक जुडी, मिरची १०० ग्रॅम, आल्याचा तुकडा, चार लिंबं. बटाटा आणि लिंबू गटाकडे नसेल तर मंचरच्या बाजारातून घ्या आणि ‘हे आमच्या शेतातलं नाही’ असं चिठ्ठीवर लिहा. लपवलंत आणि कुणी विचारलं तर बाकी दहा जिन्नसांवरचा विश्वासही जातो.

प्रत्येक घराला दोन बदल करू द्या, त्याहून जास्त नाही. दोडका नको तर दुधी, भेंडी नको तर गवार, अशी तीन पर्यायांची यादी द्या. ‘हवं ते निवडा’ हे ऐकायला छान वाटतं, पण भरताना गोंधळ होतो. बारा क्रेट ओळीने मांडून दोन बायका पिशवी घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात, तेव्हा तीस पिशव्या दोन तासांत होतात. प्रत्येक पिशवीची चिठ्ठी वेगळी असली की त्यांना प्रत्येक क्रेटपाशी थांबून वाचावं लागतं. तीस टोपल्यांना ते निभावतं. ऐंशीला मध्यरात्र होईल, आणि चुकलेल्या पिशवीचा फोन तुम्हाला चाकणच्या पुढे येईल.

काढणी शुक्रवारी दुपारी तीननंतर. टोमॅटो पूर्ण लाल नको, तांबूस झालेला घ्या. प्रवासात आणि फ्रीजबाहेर दोन दिवसांत तो पिकतो. पालेभाजी धुऊ नका. मुळांची माती झटका, जुड्या सैल बांधा, गोणपाटावर एका थरात पसरा आणि वर पंखा सोडा. पावसात भिजलेली मेथी तशीच पिशवीत गेली तर सकाळपर्यंत जुडीचं मधलं पान काळं आणि चिकट होतं. वरून हिरवीगार दिसते, घरी सुतळी सोडली की वास येतो. पावसाळ्यातली बहुतेक तक्रार ही एकच असेल. शंका असेल त्या दिवशी मेथी काढूनच टाका, तिच्याऐवजी गवार द्या आणि तसं आदल्या रात्री कळवा. पिशवी भरताना खाली कांदा-बटाटा, मध्ये काकडी-दोडका, मग टोमॅटो आणि वर कागदात गुंडाळलेली पालेभाजी. टोमॅटोतून निघणाऱ्या वायूने कोथिंबीर पिवळी पडते, म्हणून पिशवीचं तोंड बांधू नका.

टेम्पो पहाटे साडेचारला सुटला पाहिजे. आळेफाटा, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर इथवर रस्ता मोकळा असतो. चाकणला एमआयडीसीच्या पाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत पार व्हायचं. तिथे अर्धा तास चुकला की वाकडला एक तास चुकतो आणि नऊनंतर शनिवारची माणसं घराबाहेर पडतात. मेथीचं मात्र शनिवारशी जमतं. नोकरी करणाऱ्या घरात मेथी निवडायला सुट्टीच लागते.

शीतखोली हवी कशाला, हा प्रश्न इथे येतो. शुक्रवारी काढलेला माल शनिवारी सकाळी दारात पोहोचत असेल तर ती रिकामीच राहील. दुसरं, एका शीतखोलीत तुमची टोपली मावतच नाही. पालेभाजीला शून्य ते चार अंश तापमान आणि भरपूर ओलावा लागतो. त्याच तापमानात काकडी, भेंडी, वांगं आणि कच्चा टोमॅटो यांना थंडी बाधते. काकडीवर पाणचट खड्डे पडतात, भेंडी काळी पडते, टोमॅटो पिकतच नाही. म्हणजे दोन खोल्या किंवा दोन कप्पे लागतील. शीतखोलीवाल्याने हे सांगितलं होतं का, ते त्याला विचारा. अनुदान मिळतं म्हणून घेत असाल तर तेही तपासा. कर्जाशी जोडलेलं अनुदान काम पूर्ण झाल्यावर, पाहणी होऊन मिळतं. तोवर हप्ता तुमचाच. उन्हाळ्यासाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला विटांचा शून्य ऊर्जा शीतकक्ष पुरेल. विटांची दुहेरी भिंत, मध्ये साडेसात सेंटिमीटर ओली वाळू, दिवसातून दोनदा पाणी. क्विंटलभर भाजी बसते, विटांचा खर्च चार-पाच हजार. पावसाळ्यात मात्र तो बांधू नका. हवा दमट असली की बाष्पीभवन होत नाही आणि गारवाही येत नाही. जुलैमध्ये पंखाच खरा.

गटातले नऊ जण

पत्रात या नऊ जणांबद्दल एकच ओळ आहे. आमच्या मते इथेच जास्त सांभाळावं लागेल. तीस टोपल्यांना टोमॅटो लागतो तीस किलो, दीड क्रेट. ऐंशी टोपल्यांना चार क्रेट. टोमॅटोच्या एका एकराच्या एका तोड्यालाच शंभरच्या आसपास क्रेट निघतात. मग गटाला ही योजना म्हणजे मालाची विक्री नाही, किरकोळ लचांड वाटेल. भेंडीची तोडणी दिवसाआड असते. तुमचा शुक्रवार भेंडीवाल्याच्या तोड्याच्या दिवशी आला नाही तर पंधरा किलो भेंडीसाठी मजूर कोण लावणार? पहिले दोन आठवडे सगळे हौसेने देतील, तिसऱ्याला फोन उचलणार नाहीत. म्हणून प्रत्येक जिन्नसाला एक मुख्य आणि एक राखीव शेतकरी ठरवा आणि शुक्रवारच्या पाळ्या कागदावर लिहा. दर असा ठेवा की वाद होणार नाही. नारायणगाव बाजारातला आधीच्या तीन दिवसांचा चांगल्या मालाचा सरासरी भाव अधिक दहा टक्के, आणि पैसे त्याच संध्याकाळी.

भाव फिरतो तेव्हाचंही आताच ठरवा. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटोचा वीस किलोचा क्रेट दोन हजारांवर गेला आणि सप्टेंबरात भाव पार कोसळले. टोमॅटो किलोला २५ वरून ६० झाला की तुमच्या एका टोपलीचा खर्च ३५ रुपयांनी वाढतो. चाळीस टोपल्यांचा ३७ रुपयांचा फायदा तिथेच संपला. तेव्हा घरांना पहिल्याच दिवशी सांगा, ‘कुठल्याही भाजीचा बाजारभाव पन्नासच्या वर गेला तर ती अर्धी मिळेल, बदल्यात दुसरी मिळेल, पैसे तेच.’ आधी सांगितलं तर माणसं समजून घेतात. पिशवीत अर्धा किलो कमी सापडलं तर समजून घेत नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात. राज्याने २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, त्यामुळे थेट विकायला अडचण नाही. ताज्या भाजीवर जीएसटी नाही. दुसऱ्यांचा माल गोळा करून विकणार आहात, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी करून घ्या, शुल्क किरकोळ आहे. प्रमाणपत्र नसेल तर ‘सेंद्रिय’ हा शब्द कुठेही लिहू नका. काढणीची तारीख आणि शेताचं गाव लिहा, तेवढं पुरतं.

वही

दर शनिवारी रात्री एक पान. किती किलो काढलं, किती पिशवीत गेलं, किती उरलं, किती तक्रारी, किती किलोमीटर, टेम्पो किती वाजता सुटला आणि शेवटची पिशवी किती वाजता उतरली. भरायला घरच्या बायका बसल्या तरी त्यांचे तास आणि तासांचे पैसे वहीत पडलेच पाहिजेत. आई आणि वहिनी मोफत भरतात म्हणून फायदा दिसतो. टोपल्या ऐंशी झाल्या की तो दिसायचा थांबतो.

शुक्रवारी सकाळी दहा घरांना विचारा, ‘मागच्या टोपलीतलं आज काय उरलंय? फ्रीजच्या भाजीच्या कप्प्याचा फोटो पाठवता का?’ तारीफ विचारू नका, ती मिळतेच. चार फोटोंत तोच अख्खा दोडका दिसला तर तो पुढच्या आठवड्यातून काढा. सगळ्याच फोटोंत निम्मी टोपली दिसली तर पावणेसहा किलो जास्त होतंय. पाचव्या आठवड्याला साडेतीन किलोची २६० रुपयांची टोपली विचारून बघता येईल. मात्र तिचा हिशेब पुन्हा मांडा. टेम्पोचा खर्च लहान टोपलीला कमी होत नाही.

पहिल्या चार आठवड्यांत तुम्ही स्वतः पिशव्या द्याल, गप्पा माराल, दोन लिंबं जास्त घालाल. गिऱ्हाईक तुमच्यासाठी थांबेल. म्हणून पाचव्यापासून तुम्ही गावातच राहा, पोऱ्याला पाठवा आणि वर काहीही घालू नका.

खर्च असा. वजनकाटा, क्रेट, कापडी पिशव्या मिळून बारा हजारांच्या आसपास. पहिल्या चार आठवड्यांत तीस टोपल्या असतील तर बरोबरी. पुढच्या चारांत अठराच घरं उरली असं धरलं तर आठवड्याला साधारण पावणेदोन हजार तोटा, एकूण सात हजार.

पहिली पिशवी भरायच्या आधी एका कागदावर तीन ओळी लिहा आणि घरातल्या दोन्ही मतांच्या माणसांच्या आणि गटाच्या त्यावर सह्या घ्या. नात्यातली घरं सोडून तीसपैकी वीस किंवा जास्त घरांनी दुसऱ्यांदा पैसे भरले तर त्याच परिसरात भाड्याच्याच टेम्पोने ऐंशीपर्यंत जायचं, आणि ऐंशी तीन महिने टिकल्यावर टेम्पोचा विचार. तेरा ते एकोणीस घरं असतील तर एकच गोष्ट बदलून आणखी चार आठवडे. बारा किंवा कमी असतील तर थांबायचं. आकडा नंतर ठरवलात तर चौदा घरंही ‘बरीच’ वाटतील. बँकेला विचारा, मंजुरी किती महिने टिकते. सोनं घरातच राहू द्या.

मेहुण्यांनी पाठवायचा निरोप असा चालेल : ‘ओतूर भागातल्या नऊ शेतकऱ्यांची भाजी, शुक्रवारी संध्याकाळी काढलेली, शनिवारी सकाळी साडेसात ते नऊ तुमच्या दारात. बारा जिन्नस, साधारण पावणेसहा किलो. यादी सोबत आहे, दोन बदल चालतील. चार शनिवारांचे १,६०० रुपये आगाऊ. फक्त तीस घरं. बुधवार रात्रीपर्यंत पंचवीस घरं झाली नाहीत तर गुरुवारी सगळ्यांचे पैसे परत.’